अल्पाइनचा आवाज

असल्फा, घाटकोपर
१३ फेब्रुवारी १९८४

रामनाथ,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. खुर्ची ओढून बस, कारण तुझं डोकं तापणार आहे. काल रविवारी जुन्या गाड्यांची रॅली झाली. मी सकाळी सातपासून शीवला कठड्यावर चढून उभा होतो. पन्नास-साठ गाड्या तरी गेल्या असतील. त्यातल्या सगळ्यात जास्त माणसं कोणामागे पळाली सांग? लाल एमजी टीडीच्या मागे. एका म्हाताऱ्याने तर तिच्या बॉनेटवर हात फिरवून तो हात कपाळाला लावला. एक काळी जग्वारही होती, पण तिच्यापासून लोक चार हात लांबच राहिले. तुझ्या लाडक्या अल्पाइनच्या जातीची एकही गाडी नव्हती, आणि का नाही म्हणून कोणी विचारलंही नाही.

अंधेरीच्या गॅरेजात आपण एकोणीस वर्षं गाड्यांखाली शेजारी शेजारी झोपून काढली आणि तितकी वर्षं याच एका गोष्टीवर भांडलो. आता ते गॅरेज नाही, तिथे सहा मजली इमारत आहे. तुला मस्कतला जाऊन तीन वर्षं झाली. तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. एमजी ती एमजी. तुझी अल्पाइन म्हणजे हिलमनचं इंजिन घातलेली नटवी. वर-खाली होणाऱ्या काचा, मऊ गाद्या आणि मागे माशासारखे पर. तू पडलास वेसाव्याचा कोळी, पर बघून भुललास.

तू ठेवून गेलेली गाडी माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, काळजी करू नकोस. दर रविवारी सुरू करतो. वनमाला म्हणायची, मित्राच्या गाडीची आठवड्यातून एकदा तरी चौकशी करता, माझी महिन्यातून एकदा. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. खोलीत मी एकटाच. रेडिओ तिच्या भावाला देऊन टाकला, नुसता फळीवर बसून होता.

तुझा
काशीराम

मस्कत
९ मार्च १९८४

काश्या,

तो म्हातारा तरुणपणी कुठल्या तरी साहेबाच्या एमजीमागे धावला असेल. तेच आठवलं असेल त्याला, आणि बाकीचे त्याला बघून पळाले. एमजीचं सगळं नाव असंच झालंय. दाराला काचा नाहीत, पाऊस आला की पडदे लावत बसा. अंगात लाकडी सांगाडा. ताशी सव्वाशेच्या वर गेली तर नारळ फोडायला हवा. अल्पाइन दीडशेने पळते, पुढे डिस्क ब्रेक आहेत, आणि बायको शेजारी बसली तर तिचे केस विस्कटत नाहीत. तेवढ्यासाठी ती बायकांची गाडी? या शौकीन लोकांना छळणारी गाडीच खरी वाटते. जी गुपचूप चालते तिला कोणी विचारत नाही. माझा जन्म गॅरेजात गेला, मला विचार.

आता गंमत ऐक. आमच्या मालकाच्या गोदामात मागच्या आठवड्यात फडक्यांखाली एक अल्पाइन सापडली. बॅटरी घातली, तेल बदललं, तिसऱ्या फेरीला सुरू झाली. काय आवाज आहे यार! तिचं इंजिन कॅसेटवर घेऊन तुला पाठवतो. ते ऐकून ठरव आणि मग एमजीचं नाव घे.

पुढच्या फेब्रुवारीतल्या रॅलीला मी येणार. अल्पाइन मी चालवणार आणि तू माझ्या शेजारी बसणार. पण त्याआधी तिचं ट्यूनिंग तुझ्याच कानाने व्हायला पाहिजे. रबराची नळी कानाला धरून एका कार्बोरेटरला लावायचास, मग दुसऱ्याला, आणि डोळे मिटून सांगायचास, डावा जास्त श्वास घेतोय. मीटर लावून बघितलं तर तसंच निघायचं. इथे एवढी यंत्रं आहेत, पण तसा कान एकाचाही नाही.

आमच्या वेसाव्याचा धर्मा, इथेच कामाला आहे, तो सांगत होता, तुझ्या शेजारी कमलताईंकडे फोन आलाय. नंबर कळव ना. शुक्रवारी इथे सुट्टी. खोलीतले पाचही जण दुपारभर घोरतात आणि मी छताकडे बघत पडतो. दोन मिनिटं तुझा आवाज ऐकला तर आठवडा निघेल. माझा घसा महिनाभर बसलाय, एसीमुळे असेल, पण तुला शिव्या घालण्याइतका शिल्लक आहे.

रामनाथ

असल्फा, घाटकोपर
८ एप्रिल १९८४

रामनाथ,

फोनचं डोक्यातून काढून टाक. फोनवर माणूस नुसता हॅलो हॅलो करतो आणि निम्मा वेळ त्यातच जातो. पत्रात कसं, तू भांडलेलं मला चार वेळा वाचता येतं. शिवाय कमलताईंकडे सारखी माणसं, त्यात मी कुठे उभा राहू? पत्रच लिही.

हल्ली लोकांना झालंय तरी काय कळत नाही. सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. परवा खंडू भाजीवाल्याने काय विचारलं कोण जाणे, मी हो म्हणालो, तर त्याने किलोभर कारली पिशवीत ओतली. तीन दिवस कारली खाल्ली. रस्त्यावर पण तेच. ट्रकवाले हॉर्न न वाजवता मागे येऊन उभे राहतात आणि वर आपल्यालाच हात दाखवतात.

डिस्क ब्रेकचं तू म्हणतोस ते खरं आहे, तेवढं एक सोडून दिलं तुला. पण गाडी थांबते कशी हे बघून कोणी तिच्या प्रेमात पडतं का?

ट्यूनिंगची चिंता नको. तुझी गाडी अशी लावून ठेवीन की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवलास तरी हलणार नाही. नळीबिळीची जुनी पद्धत मी सोडून दिली. नवी काढलीय. आलास की दाखवीन.

काशीराम

मस्कत
१८ जून १९८४

काश्या,

धर्मा सुट्टीवर निघालाय, त्याच्याबरोबर कॅसेट देतोय. आज लांबलचक लिहीत नाही. जे सांगायचंय ते सगळं कॅसेटमध्ये आहे, ते कागदावर उतरवायला हात चालत नाही. एकटा असशील तेव्हा लाव. शेवटपर्यंत ऐक आणि लगेच कळव. थांबतोय तुझ्या पत्रासाठी.

रामनाथ

असल्फा, घाटकोपर
१५ जुलै १९८४

रामनाथ,

धर्मा येऊन कॅसेट देऊन गेला. ऐकली. एकदा नाही, दोनदा ऐकली.

आता खरं सांगू? एवढं काय आहे रे त्यात? तू तर असं लिहिलंस की मला वाटलं जगबुडी होतेय. नेहमीसारखंच आहे सगळं. मध्ये मध्ये अडखळतं, थोडी घरघर आहे, वय झालं की व्हायचंच ते. रॅलीतली एमजी मी दिवसभर ऐकली असती, तुझं हे दहा मिनिटांत बंद केलं. हरलास म्हणून कबूल कर आणि मोकळा हो.

रागावू नकोस, थट्टा करतोय. तुझी गाडी ठीक आहे. शेडवर नवे पत्रे घातले, आता थेंबभर पाणी येत नाही.

काशीराम

असल्फा, घाटकोपर
१६ सप्टेंबर १९८४

रामनाथ,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. पोस्टमनला रोज विचारतो. तो मान हलवतो आणि पुढे जातो.

एमजीवरून रागावलास का? एकोणीस वर्षांत रागावला नाहीस तो आता काय रागावतोस? बरं, ऐक. परवा तुझ्या अल्पाइनची डिकी साफ केली. एमजीला असली डिकी नाही, हे मान्य. दिव्याची रचनाही चांगली आहे. बस झालं?

नारळी पौर्णिमेला नेहमीप्रमाणे वेसाव्याला तुझ्या घरी गेलो होतो. दरवर्षी करंज्यांचं ताट समोर येतं, यंदा पार्वतीवहिनींनी नुसतं पाणी दिलं. खूप वेळ बोलत होत्या. डोळ्यांना पदर लावत होत्या. तुझी आठवण येत असेल, मला काय ते समजलं. मी धीर दिला आणि निघालो. घरात सगळं बरं आहे ना? कळव.

इथे कोणाशी बोलणं असं होत नाही. शेडमधली दोन पोरं नोकरीला लागली, आता मी आणि तुझी गाडी. कधी कधी तिच्यात नुसता जाऊन बसतो. मऊ गाद्यांना नावं ठेवली, पण बसायला बऱ्या आहेत.

तुझा
काशीराम

मस्कत
१४ ऑक्टोबर १९८४

काशीराम,

ऑपरेशन झालं. पार्वतीने तुला विचारलं, तू हो म्हणालास, असं तिने धर्माकडून कळवलं. म्हणून टेबलावर झोपलो. त्या होबद्दल तुझे उपकार. मला लिहिताना मात्र थट्टा केलीस. तुझं जुलैचं पत्र मी इस्पितळात उशाखाली ठेवलं होतं, मग फाडून टाकलं. नंतरचं अजून फोडलेलंही नाही.

रॅलीला येत नाही. गाडी विकून टाक. एमजीवाले तिला हात लावणार नाहीत, तेव्हा भंगारवाला बघ. तिचं काय झालं ते मला कळवायची गरज नाही.

रामनाथ कोळी

असल्फा, घाटकोपर
४ नोव्हेंबर १९८४

रामनाथ,

हे पत्र फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. एवढंच मागतो.

मला ऐकू येत नाही. तीन वर्षं होत आली. उजवा कान तुझ्यासमोरच कमी झाला होता, तू गेल्यावर डावाही गेला. लहानपणी कान वाहायचा आणि नंतर जन्मभर पत्रे ठोकले, त्याचं फळ असं डॉक्टर कागदावर लिहून म्हणाले. वनमाला शेवटच्या दिवसांत काहीतरी सांगत होती. मी तिच्या तोंडाला कान लावून बसलो आणि हो हो म्हणत राहिलो. ती काय म्हणाली ते मला आजपर्यंत माहीत नाही. त्यानंतर हो म्हणायची सवयच लागली. कोणी काही बोललं की मी हो म्हणतो, माणूस समाधानाने निघून जातो.

कोणालाच सांगितलं नाही. ज्याच्या कानाचं नाव होतं त्याचाच कान गेला हे कळलं असतं तर शेडमध्ये एक गाडी आली नसती. आणि तुला तर नाहीच सांगायचं असं ठरवलं होतं. तू दर पत्रात माझ्या कानाबद्दल लिहायचास, ते वाचून मला वाटायचं, निदान मस्कतमध्ये तरी माझा कान शाबूत आहे.

तुझी कॅसेट मी ऐकली नव्हती. तू इंजिन पाठवणार म्हणाला होतास, मी धरून चाललो की इंजिनच असणार. माझ्याकडे टेपरेकॉर्डर पण नाही. खोटंच लिहिलं, दोनदा ऐकली म्हणून.

परवा तुझं पत्र वाचलं. ऑपरेशन कसलं? मी हो कशाला म्हणालो? कॅसेट घेऊन कमलताईंकडे गेलो, त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर आहे. त्यांची नलिनी टायपिंग शिकते. तिला आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने सांगितलं, पोरी, मला ऐकू येत नाही, यातलं सगळं मला लिहून दे. तिने वही काढली. तीन ओळी लिहून ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लिहायला लागली. तिने लिहिलेलं जसंच्या तसं खाली उतरवतो. मी काय वाचलं ते तुला कळलं पाहिजे.

"काश्या, ऐकतोस ना? नीट ऐक रे बाबा. हा घसा आता थोड्या दिवसांचा आहे. गाठ निघाली. डॉक्टर म्हणतो, आवाजाची पेटीच काढायला लागेल. जगशील म्हणतो, पण बोलणार नाहीस. मी म्हणालो, विचार करून सांगतो. काय विचार करू? पार्वतीला कॅसेट नाही पाठवली, ती माझा आवाज ऐकून वेडी होईल. तुला पाठवतोय. तू एकदा ऐकलेलं इंजिन विसरत नाहीस ना? मग हे पण ठेव. माझा आवाज तुझ्याकडे ठेव. आणि एक सांग, करू का ऑपरेशन? मुका होऊन घरी येऊ, का आहे तसा जाऊ? मला इथे विचारायला कोणी नाही यार. तू कर म्हणालास तर करीन. मी तुझ्या पत्राला थांबतो."

यावर मी तुला लिहिलं, एवढं काय आहे त्यात.

आणि वहिनींना दिलेला तो हो पण खरा नव्हता. त्या रडत काहीतरी विचारत होत्या, मी नेहमीसारखी मान हलवली. तुझ्या जिवाचा प्रश्न होता आणि मी कारल्यांना म्हणतात तसा हो म्हणून आलो. तुला हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, निदान तेवढं एक पुण्य माझ्या नावावर राहिलं असतं. पण आता खोटं पुरे झालं.

नवी पद्धत म्हणालो होतो ना, ती सांगतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्बोरेटरला टेकवायचं आणि लाकडी मूठ दातांत धरायची. इंजिनाची थरथर दातांतून कवटीत चढते. डावा जास्त ओढतोय की उजवा, ते जबड्यात कळतं. तुझी अल्पाइन मी तशीच लावली, आणि चांगली लागलीय, यात खोटं नाही.

नलिनी लिहून घरात गेल्यावर मी टेपरेकॉर्डर पुन्हा सुरू केला. आवाज मोठा केला. टोक त्याच्या जाळीवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. शब्द एकही कळला नाही. पण तू होतास. तू बोलताना मध्ये थांबतोस, मग एकदम जोरात सुरू होतोस, ते आलं. शेवटी शेवटी बारीक झालास ते पण आलं. कमलताई दारात येऊन बघत होत्या, बघू देत. मी पाच वेळा लावली.

गाडी विकली नाही, विकणार नाही. तू मला लिही किंवा लिहू नकोस.

काशीराम

वेसावे, अंधेरी
२० जानेवारी १९८५

काश्या,

घरी येऊन बारा दिवस झाले. विमानतळावर तू दिसला नाहीस, कारण मीच तुला कळवलं नाही. गळ्याला भोक आहे, त्यावर फडकं बांधतो. तू बघण्याआधी मला त्याची थोडी सवय व्हायला हवी होती.

तुझं पत्र मस्कतमध्ये मिळालं. पहिले दोन दिवस तुला खूप शिव्या घातल्या, मनातल्या मनात, दुसरीकडे कुठे घालणार? तिसऱ्या दिवशी खोलीतले सगळे झोपल्यावर ते पुन्हा वाचलं. तीन वर्षं तू घाटकोपरला हो हो करत एकटा बसलास, आणि मी मस्कतहून तुला तुझ्याच कानाच्या गोष्टी सांगत होतो. मेल्या, एक ओळ लिहिली असतीस तर? मी कॅसेट पाठवली नसती, कागदावरच विचारलं असतं.

तुझा तो हो खोटा होता म्हणतोस. असू दे. मी त्याच्यावर जगतोय. तू खरंखुरं ऐकलं असतंस तर घाबरून, विचार करतो, असं काहीतरी म्हणाला असतास आणि मी अजून विचारच करत बसलो असतो. असतो की नसतो, कोण जाणे.

पण घरात जगणं कठीण आहे, तेवढं तुला लिहितो. पार्वतीला वाचता येत नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, कधी गरज पडली नाही, बोलणं होतं ना. आता मी पाटीवर लिहितो, ती पाटीकडे बघते, मग माझ्याकडे. मग माझ्याबरोबर परत आलेल्या धर्माला हाक मारायला उठते आणि मी तिचा हात धरून बसवतो. नवरा-बायकोतलं धर्माने वाचून दाखवायचं का? हातवारे करतो. पाणी पाहिजे, जेवण नको, एवढं जमतं. बाकीचं आतच राहतं. संध्याकाळी लोक होड्यांपाशी जमतात, पूर्वी माझ्याशिवाय गप्पा सुरू व्हायच्या नाहीत. आता मला बघून सगळे मोठमोठ्याने बोलतात, जसा मीच बहिरा. बहिरा तो घाटकोपरला आहे, हे त्यांना कसं सांगू?

म्हणून तू भांडत राहा. मला लिहून बोलता येईल असा तू एकच उरलास. एमजीला लोकांनी डोक्यावर चढवून ठेवलंय आणि अल्पाइनला कोणी ओळखलं नाही, हे मी मरेपर्यंत लिहीन. डिकी आणि ब्रेक तू सोडून दिलेस, गाद्याही बऱ्या म्हणालास. राहिल्या काचा. त्या फेब्रुवारीत बघू. रॅलीत गाडी घालायची, मी चालवणार, तू शेजारी. लोक एमजीमागे पळतील. पळू देत. हॉर्न वाजला तर मी तुझ्या गुडघ्यावर थाप मारीन.

रविवारी वेसाव्याला ये, अल्पाइनच घेऊन ये. पार्वती करंज्या करणार आहे, यंदाच्या राहिल्यात तुझ्या. येताना कॅसेट आण आणि तो स्क्रूड्रायव्हर पण. नलिनीने कॅसेट उलटवलेली दिसत नाही. दुसऱ्या बाजूला मस्कतच्या अल्पाइनचं इंजिन आहे, कबूल केल्याप्रमाणे, पूर्ण अकरा मिनिटं. ते दातांत धर आणि मग पाटीवर एमजीचं नाव लिहून दाखव.

ते झालं की पहिली बाजू लाव. ती मी अजून ऐकलेली नाही, धीर होत नाही. पण तू मूठ दातांत धरून बसलास की मी समोर तुझ्या तोंडाकडे बघत बसेन. माझा आवाज कसा होता ते मला तिथे दिसेल.

तुझा
रामनाथ